आज पाला पडणार

डिसेंबर आला की ग्वाल्हेरच्या थंडीवर इथे लिहून येतंच. कुणाला तानसेन समारोहात रजया गुंडाळून बसलेल्या रात्री आठवतात, कुणाला मेळ्यातली गजक. मी आमच्या गुलाबांबद्दल लिहिणार आहे. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

माझं माहेर पुण्याचं. १९८० च्या डिसेंबरात लग्न होऊन लश्करला आले. पुण्याची थंडी म्हणजे सकाळी एक स्वेटर आणि दहा वाजता तो खुंटीवर. इथे पहिल्याच आठवड्यात मला कळलं की थंडी ही अंगावर घ्यायची गोष्ट नसून घरात येऊन बसणारी गोष्ट आहे. पलंगाचा लोखंडी पाय चुकून लागला तरी ओरडायची वेळ यायची. सासूबाई सिगडी जवळ सरकवून म्हणायच्या, "होईल सवय." चव्वेचाळीस वर्षं झाली. अजून व्हायची आहे.

लग्नाला महिना झाला असेल. संध्याकाळी दूधवाली आली, बरणीत दूध ओतता ओतता आभाळाकडे बघून म्हणाली, "बहू, आज पाला पड़ेगा." मी हो म्हटलं. मागच्या अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. पाला पडणार म्हणजे सकाळी झाडलोट जास्त, एवढाच अर्थ मी घेतला. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "ती म्हणते आज पाला पडणार. मी लवकर उठून झाडून घेईन." सासूबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की अण्णा बाहेरून आत आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ते हसले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, पायात काहीतरी घाल आणि मागे ये." मागे गेले तर ते भिंतीशी रचून ठेवलेली टाटं काढत होते. आपण पुण्याकडे गोणपाट म्हणतो, ते इथलं टाट. मला म्हणाले, "ह्याला पाला म्हणतात इथे. झाडाचा नव्हे. रात्री आभाळातून उतरतो आणि सकाळी झाडं भाजल्यासारखी काळी दिसतात." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे गुलाब नीट पाहिले. बावीस झाडं होती.

ज्यांना बागेचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण गुलाब आणि थंडी म्हटलं की लोकांचा गोंधळ होतो. आपल्या उत्तरेकडच्या मैदानात गुलाबाचा खरा हंगाम हिवाळाच. ऑक्टोबरात छाटणी करायची, की सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. त्याला मारतो तो उन्हाळा, आपला ४५ अंशांचा. मग थंडीची भीती कसली? भीती त्या चार-सहा रात्रींची. डिसेंबरअखेर ते जानेवारी, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही, दोन दिवस उत्तरेचा वारा सुटतो, आणि मग एका संध्याकाळी तो एकदम पडतो. आभाळ निरभ्र, चांदण्या टिपूर, पान हलत नाही. तीच रात्र. दिवसा जमिनीने घेतलेली ऊब आभाळात निघून जाते, अडवायला ढग नसतो, हलवायला वारा नसतो. सगळ्यांत वाईट वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याच्या जरा आधीची. कोवळी लालसर फूट आणि फुगलेल्या कळ्या त्यात जातात. जून फांदीला फारसं काही होत नाही.

अण्णांचे नियम साधे होते. अशा दिवशी दुपारीच झाडांना भरपूर पाणी द्यायचं, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त धरते आणि रात्रभर हळूहळू सोडते. कामट्यांचा छोटा मांडव करून त्यावर टाट घालायचं, पानांना ते टेकता कामा नये. तीन बाजू बंद, आग्नेयेची बाजू उघडी, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन आत जातं. आणि शेवटचा नियम, जो ते दरवेळी सांगत: सकाळी टाट काढायचं. रोज घालायचं, रोज काढायचं. कंटाळा आला तरी. शेजारच्या वाड्यात गोवऱ्या आणि पालापाचोळा जाळून धूर करत, तसं मात्र अण्णांनी कधी केलं नाही. म्हणत, "गुलाब वाचतील, गल्ली खोकेल."

कडुलिंबाच्या फांदीला त्यांनी एक थर्मामीटर टांगला होता आणि एक लांबट, हिशेबाची असते तशी वही ठेवली होती. पहाटे उठून अंश लिहायचे. ३.५. २. ४. पुढे एखादा शब्द. "टाट." "पाणी दिले." "ढग, गरज नव्हती." कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, दुसऱ्या कशाची नोंद ठेवणार? आम्ही मागून हसायचो. ह्यांचं म्हणणं असं, की अण्णांनी आमच्या जन्मतारखांपेक्षा पाल्याच्या तारखा जास्त व्यवस्थित लिहून ठेवल्या होत्या. खोटं नाही ते.

पुण्याला माझ्या मामांच्या गच्चीवरही गुलाब होते, पण त्यांचं तंत्र उलटं. ऑक्टोबरात ते पाणी तोडायचे, मुळांवरची माती उकरून मुळ्या काही दिवस उघड्या ठेवायचे, मग छाटणी आणि खत. संत्र्याला ताण देतात ना, तसंच. पुण्यात झाडाला झोप लागेल एवढी थंडीच नाही, म्हणून माणसाने हाताने थोडा हिवाळा करायचा. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना फार मजा वाटली. "म्हणजे तुझे मामा थंडी आणतात आणि मी थंडी घालवतो," म्हणाले. सून म्हणून माझी त्यांच्याशी झालेली पहिली लांब गप्पा तीच. मग दोन दिवस पुन्हा काही बोलले नाहीत. असेच होते ते.

त्या बावीसात एक झाड त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. 'पीस'. जुन्या मंडळींना माहीत असेल, पिवळसर मोठं फूल, कडांना गुलाबी छटा. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी ते तयार केलं आणि २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकेत त्याला हे नाव दिलं गेलं, महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा. अण्णा ही गोष्ट दर हिवाळ्यात एकदा तरी सांगत, नव्याने सांगितल्यासारखी. लाल सुरख्याला वास जास्त, पण पाहुण्यांना आधी पीसपुढे उभं करायचे.

आता माझी चूक. १९८५ चा जानेवारी. मुलगी दहा महिन्यांची, रात्री झोपू द्यायची नाही. अण्णा-आई इंदूरला एका लग्नाला गेले आणि जाताना गुलाब माझ्यावर सोपवून गेले. ह्यांची बँकेची नोकरी, शिवाय हे पहाटे उठणाऱ्यांपैकी नाहीत, आजही नाहीत. तिसऱ्या दिवशी वारा पडला. टाटं ओली आणि जड झाली होती, कडेवर पोर. मला एक शहाणपणा सुचला. घरात प्लास्टिकचा मोठा कागद होता, नवा, हलका. तो अख्ख्या ओळीवर टाकला आणि कडांना विटा ठेवल्या. टाटापेक्षा हे बरं, वाराही आत जाणार नाही, असं मनाशी म्हटलं. मांडव बिंडव केलाच नाही. रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन बघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं, म्हणून वाटलं, राहू दे, थंडीच आहे. अकरा वाजता धुकं फाटलं आणि कडक ऊन पडलं. मी आत बाळाला झोपवता झोपवता स्वतःच झोपले.

जिथे जिथे प्लास्टिक पानाला टेकलं होतं तिथे रात्री पाला लागला, आणि जे वाचलं होतं ते दुपारी आत वाफून गेलं. पीस सगळ्यांत उंच, म्हणून त्याचं नुकसान सगळ्यांत जास्त. वरची वीतभर फूट काळीठिक्कर. सात कळ्या होत्या, माना टाकून बसल्या.

मी दोन दिवस नीट जेवले नाही. अण्णा आले, स्वेटरही न काढता मागे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते पीसपाशी बराच वेळ उभे राहिले, एक पान चुरगाळून पाहिलं, आत आले आणि म्हणाले, "चहा टाक." एवढंच. मीच रडवेली होऊन विचारलं, "अण्णा, कापून टाकू का ते काळं?" तर म्हणाले, "नको. आत्ता कापलंस तर खालून कोवळं फुटेल आणि पुढच्या पाल्यात तेही जाईल. फेब्रुवारी संपू दे. काळं आहे ते वरचं आहे, खालच्यावर ते पांघरूणच." मार्चमध्ये त्यांनी माझ्या हातात कात्री दिली आणि कुठे कापायचं ते बोटाने दाखवलं. हिरवी साल लागली तिथून बोटभर खाली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर.

अण्णा १९९७ मध्ये गेले. त्यानंतर कधीतरी ती वही चाळताना १९८५ चं पान निघालं. त्या रात्रीचा आकडा नव्हता, कारण वाचायला ते नव्हते. परत आल्याच्या तारखेला लिहिलं होतं: "पीसची टोके गेली. सूनबाई रात्री दोनदा उठली होती." मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनीच सांगितलं असणार. म्हणजे हे जागे होते, आणि तरी उठले नाहीत! त्याबद्दल तेव्हा एक स्वतंत्र भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

हे सगळं आठवायचं कारण २०१८ साल. आमची लेक, तीच दहा महिन्यांची, तेव्हा मिनियापोलिसला होती. अजूनही तिथेच आहे. २०१५ मध्ये तिने आणि जावयांनी तिथे लहानसं घर घेतलं, पुढच्या वसंतात दारापुढे आठ गुलाब लावले. त्यात एक पीस. मुद्दाम शोधून लावला होता तिने, अण्णांची टाटं लहानपणी तीच ओढत आणायची ना. २०१८ च्या उन्हाळ्यात जावई घर सोडून गेले. कारणं मला अजून पूर्ण माहीत नाहीत, आणि जी माहीत आहेत ती माझी नाहीत, म्हणून लिहीत नाही. तिने आम्हाला सांगितलं सप्टेंबरात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे पोचले. हे इथेच राहिले, आणि आमच्या गुलाबांची छाटणी त्यांनी अशी केली की तो हिवाळा फुलांशिवायच गेला.

मी तिथे जाऊन काय केलं? जे मला येतं तेच. रोज गरम जेवण, रोज प्रश्न. जेवलीस का, झोपलीस का, त्याचा फोन आला का, वकील काय म्हणाले, तू रडलीस का. ती ऑफिसातून आली की मी दारातच. पंधरा दिवस तिने ऐकून घेतलं. मग एका रात्री भांडी पुसताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, अण्णा सकाळी टाट काढायचे ना गं?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी बाहेर राहू लागले. गुलाबांची अवस्था वाईट होती. आधीच्या हिवाळ्यात जावयांनी त्यांच्यावर थर्मोकोलच्या मोठ्या टोप्या घातल्या होत्या, तिकडे दुकानात मिळतात तशा. एका झाडाचं कलम त्यात मेलं होतं आणि खालच्या खुंटाची फूट वर येऊन त्याला उन्हाळ्यात गडद लाल, लहान फुलं आली होती. लावलं होतं पांढरं. आता काय करायचं विचारलं तर लेक म्हणाली, "मरू देत. मला नाही करायचं काही."

कुंपणापलीकडे एक आजीबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्या त्यांचे गुलाब बांधत होत्या, केशरी सुतळीने, मोळीसारखे. मला वाटलं, उपटून टाकणार. मोडक्या इंग्रजीत विचारलं तर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि पुढचे दोन तास मी तोंड उघडं ठेवून बघत होते.

मंडळी, ते लोक गुलाब पुरतात. खरंच पुरतात. ह्या पद्धतीला तिकडे 'मिनेसोटा टिप' म्हणतात, टिप म्हणजे कलंडवणं. १९५० च्या दशकात तिथल्याच ब्लूमिंग्टनमध्ये राहणाऱ्या आल्बर्ट नेल्सन नावाच्या गृहस्थांनी ती बसवली, हे मला आजीबाईंनीच सांगितलं. ऑक्टोबरच्या मध्यावर झाडाच्या फांद्या सुतळीने आवळून बांधायच्या, बुरशीचं औषध मारायचं. मग झाडाच्या उंचीएवढा लांब चर खणायचा. चार दात्यांचा मोठा काटा असतो, आपल्या जेवणाच्या काट्यासारखा पण फावड्याएवढा, त्याने मुळांभोवतीची माती सैल करायची आणि अख्खं झाड हळूहळू त्या चरात आडवं निजवायचं. वाकवायचं ते मुळांपाशी. कलमाचा डोळा जिथे भरलेला असतो तिथून वाकवलं तर ते मोडतं. वर दोन-तीन इंच माती. सुतळीचं टोक तेवढं मातीबाहेर ठेवायचं, म्हणजे एप्रिलमध्ये झाड कुठे आहे ते कळतं. मग मातीचा वरचा थर गोठेपर्यंत थांबायचं, आणि नोव्हेंबरात त्यावर दीड फूट पाला. हो, पाला. आपला मराठी पाला, झाडाचा. रस्त्यावरच्या मेपलची पानं पिशव्यांत भरून.

मी एकटीच हसले तिथे. आजीबाईंना काही कळेना. पाल्यापासून वाचवायला पाला, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगणार?

पण मनातून मला ते पटत नव्हतं. पाच-सहा महिने बंद? ऊन नाही, वारा नाही, रोज सकाळी उघडणं नाही? मी त्यांना अण्णांचा नियम सांगितला. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे थंडी रात्रीची पाहुणी आहे, इथे ती घर करून राहते. आणि एक गोष्ट त्यांनी जी समजावली ती मला अण्णांनाही सांगाविशी वाटली. तिथे पांघरूण घालतात ते ऊब द्यायला नाही. झाडाची झोपमोड होऊ नये म्हणून. बाहेर उणे तीस असलं तरी मातीखाली गारठा शून्याच्या जरा खाली, एकसारखा असतो. झाड मरतं ते बऱ्याचदा मार्चमध्ये. चार दिवस ऊन पडतं, झाडाला वाटतं आला वसंत, रस चढायला लागतो आणि पाचव्या रात्री पुन्हा उणे पंधरा. म्हणून उकरून बघायचं नाही. कितीही वाटलं तरी.

मग मी आमच्या आठांकडे वळले. पासष्टीला आलेली बाई मी, दोन झाडांत कंबर धरली. तिसऱ्याचा चर खणत होते तेव्हा लेक ऑफिसातून आली. बॅग पायरीवर ठेवली, माझ्या हातातून तो काटा घेतला आणि म्हणाली, "सरक." बूटसुद्धा बदलले नाहीत. अंधार पडेपर्यंत चार झाली, उरलेली दोन शनिवारी. पीस तिने एकटीने निजवला, मला हात लावू दिला नाही. त्या सगळ्या वेळात तिने जावयांचं नाव घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकदा फक्त माती लोटताना म्हणाली, "घर विकावं लागेल बहुतेक. मग हे कोण काढणार वर?" मी म्हटलं, "सुतळीची टोकं बाहेर आहेत. ज्याचं घर असेल तो ओढेल." हे उत्तर बरं होतं की वाईट, अजून ठरवू शकले नाही. ती हसली मात्र.

लेक मला शहरातल्या हॅरिएट तळ्याजवळच्या गुलाबबागेतही घेऊन गेली. शंभर वर्षांहून जुनी बाग आहे ती. बघायला तेव्हा काहीच नव्हतं. नुसते वाफे, आणि गार वारा. बाकावर बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यालो. तिथे ती स्वतःहून बोलली. तासभर. मी अधेमधे काही विचारलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम होतं.

डिसेंबरच्या मध्यात मी परत आले. व्हिसा होता, राहू शकले असते. तीच म्हणाली, जा.

पुढचं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. २०१९ च्या जानेवारीअखेर उत्तर ध्रुवावरची थंडी खाली घसरली. ३० जानेवारीला मिनियापोलिसचा पारा उणे ३३ अंशांवर गेला, त्यांच्या फॅरनहाइटमध्ये उणे २८. शाळा बंद, टपाल वाटणंसुद्धा बंद ठेवलं होतं. आमच्याकडे तेव्हा रात्र होती, मी अंगणात टाटं घालून आले आणि तिला फोन लावला. हातात फोन धरून स्वतःला बजावत होते, एकच प्रश्न विचारायचा, एकच. विचारलं, "हीटर चालू आहे ना?"

"चालू आहे. आजीबाईंना इकडे आणून ठेवलंय, त्यांचा बंद पडलाय."

"आणि गुलाब?"

"आई. उकरून बघायचं नाही."

फेब्रुवारीत तिथे ३९ इंच बर्फ पडला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा झाडं वर काढायची, तेव्हा पुन्हा मोठं बर्फाचं वादळ. ती थांबली. विसाव्या तारखेच्या सुमाराला तिने व्हिडिओ कॉल लावून फोन पायरीवर टेकवून ठेवला. पाल्याच्या पिशव्या बाजूला केल्या, माती हाताने सारली, केशरी टोकं सापडली. आजीबाई कुंपणापलीकडून सूचना देत होत्या, मी इकडून देत होते, आणि ती दोघींचंही ऐकत नव्हती. आठांपैकी सहा हिरवी निघाली. ते खुंटावर गेलेलं झाड मेलेलं होतं, त्याचं कुणालाच फार वाईट वाटलं नाही. आणखी एक पूर्ण कुजलं होतं. पीस वरून हातभर काळा, खाली हिरवा.

"कापू का?" तिने विचारलं.

"थांब. अजून थंडी पडेल तिकडे. मे उजाडू दे, काळं आहे ते खालच्यावर पांघरूणच..."

बोलेपर्यंत तिने कापलं होतं. हिरव्या सालीपासून बोटभर खाली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. ते तिला मी शिकवलेलं नाही. अण्णांनी शिकवलं असेल, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती.

घर तिने विकलं नाही. कसं जमवलं ते तिलाच ठाऊक. जूनमध्ये पीसला तीन फुलं आली, आपल्याकडच्यापेक्षा गुलाबी जास्त, थंड हवेचा गुण असेल. आजीबाई आता वृद्धांच्या घरी राहायला गेल्यात, त्यांचे अकरा गुलाबही दर ऑक्टोबरात लेकच निजवते, नवीन शेजाऱ्यांना विचारून. मागच्या वर्षी तिने माझ्याकडून अण्णांच्या वहीचे फोटो मागवून घेतले. सगळ्या पानांचे. आता फोनमध्ये तशीच नोंद ठेवते म्हणे, फक्त आकड्यांच्या आधी उणेची खूण.

इकडे आमच्या बावीसातले नऊ राहिलेत. हे आता मदत करतात, म्हणजे खुर्चीत बसून बॅटरी धरतात. अडचण वेगळीच आहे. जुनी टाटं फाटली आणि नवी मिळत नाहीत. दाल बाजारात दोनदा जाऊन आले, सगळीकडे प्लास्टिकची विणलेली पोती. त्यांचा मला १९८५ पासून धसका आहे. ग्रुपवर कुणाचं धान्याचं दुकान असेल, किंवा कुणाच्या माळ्यावर जुनी तागाची पोती पडलेली असतील, तर कृपया कळवा. मला बारा हवी आहेत, थोडी फाटकी चालतील. ह्या आठवड्यात मिळाली तर बरं. दोन दिवस वारा सुटलाय.